आयएलएस-व्हीओआर आपोआप ट्यून होत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

आयएलएस म्हणजे रनवेवर उतरताना दिशा आणि उतार दाखवणारी रेडिओ यंत्रणा, आणि व्हीओआर म्हणजे दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन. टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारवहीत, ‘आयएलएस ऑटो-ट्यून झालं नाही’ अशी एका ओळीची नोंद दिसली की रिसीव्हर बदलायची घाई होते. काढलेला बॉक्स वर्कशॉपमध्ये निर्दोष ठरतो आणि थोड्याच दिवसांत तीच नोंद पुन्हा उमटते. याचं कारण साधं आहे. अशा बहुतेक तक्रारींत रेडिओ धडधाकट असतो. त्या घडीला रेडिओवर हुकूम कोणाचा चालतोय, एवढंच कोणी पाहिलेलं नसतं.

ऑटो-ट्यूनिंग असलेल्या प्रवासी विमानात नॅव्हिगेशन रेडिओला फ्रिक्वेन्सीचे हुकूम चार प्रकारे येतात. फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे एफएमएस, स्वतःची पोझिशन पक्की करायला स्टेशनं निवडते. तीच एफएमएस निवडलेल्या अप्रोच (उतरण्याचा मार्ग) किंवा डिपार्चरसाठी (निघण्याचा मार्ग) लागणारं स्टेशनही लावते. तिसरा हुकूम वैमानिकाने हाताने टाइप केलेला, आणि चौथा बॅकअप रेडिओ पॅनलचा. हाताने दिलेला हुकूम ऑटोवर कुरघोडी करतो आणि बॅकअप पॅनल बाकीच्या सगळ्यांना गप्प करतं. पुढची प्रत्येक तपासणी ही उतरंड डोक्यात ठेवून करायची.

## लक्षणं

- अप्रोच लोड आहे, पण पीएफडीवर (वैमानिकासमोरचा मुख्य डिस्प्ले) लोकलायझर (आयएलएसचा दिशा दाखवणारा भाग) आणि ग्लाइडस्लोपच्या (उतार दाखवणारा भाग) स्केल दिसत नाहीत.
- स्केल आहेत, फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, पण आयडेंट (स्टेशनची मोर्समधली ओळख-अक्षरं) उमटत नाही किंवा भलताच उमटतो.
- रनवे बदलला तरी जुन्याच रनवेचं आयएलएस टिकून आहे.
- व्हीओआर हवं तिथे थांबत नाही, एफएमएस ते सारखं बदलत राहते.
- टाइप केलेली फ्रिक्वेन्सी सीडीयू (एफएमएसचा कीबोर्ड-स्क्रीन) स्वीकारत नाही.
- एका बाजूला स्टेशन येतं, दुसऱ्या बाजूला नाही.
- डीएमईचं (स्टेशनपर्यंतचं अंतर मोजणारा रेडिओ) अंतर डॅश दाखवतं, किंवा लागतं आणि सुटतं.
- रेडिओचं पान अख्खं कोरं आहे.
- एडीएफचा (एनडीबी या साध्या रेडिओ बीकनची दिशा दाखवणारा रिसीव्हर) काटा भरकटतो.

नोंद करताना डॅश होते की फ्लॅग, हे जरूर लिहा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. डॅश दिसले तर रिसीव्हर जिवंत आहे, त्याला फक्त वापरण्याजोगा सिग्नल मिळत नाही. फ्लॅग आला तर रिसीव्हर स्वतःच ‘माझ्यावर विसंबू नका’ असं सांगतोय, किंवा त्याचा डेटा डिस्प्लेपर्यंत पोचत नाही. पहिल्या प्रकारात कारण बहुधा बॉक्सच्या बाहेर सापडतं, दुसऱ्यात विमानाच्या आत. हा एक शब्द लिहिलेला असला तर इंजिनिअरचे दोन-तीन तास वाचतात.

## १. दाखवायला सांगितलंय का?

एअरबसच्या ए३२० कुटुंबात आयएलएस ट्यून झालेलं असलं तरी एलएस बटण दाबल्याशिवाय पीएफडीवर स्केल येत नाहीत. नॅव्हिगेशन डिस्प्लेवरच्या काट्यांचंही तसंच. ईएफआयएस पॅनलवरचा (डिस्प्लेवर काय दाखवायचं ते ठरवणारा) व्हीओआर/एडीएफ स्विच मधोमध बंद असेल किंवा एडीएफकडे असेल, तर व्हीओआरचा काटा दिसणार नाही, स्टेशन कितीही जोरात येत असलं तरी.

बोइंग ७३७ एनजीमध्ये व्हीओआर आणि आयएलएसची फ्रिक्वेन्सी पेडेस्टलवरच्या पॅनलवर हातानेच लावायची असते. एफएमसी (बोइंगमधला एफएमएसचा कॉम्प्युटर) स्वतःच्या पोझिशनसाठी डीएमई परस्पर लावते, पण तुमचं आयएलएस लावत नाही. दुसऱ्या प्रकारच्या विमानावरून नव्याने आलेले लोक इथे हमखास अडकतात. त्या पॅनलवर अ‍ॅक्टिव्ह आणि स्टँडबाय अशा दोन खिडक्या असतात. आकडा स्टँडबायमध्ये बरोबर फिरवला पण ट्रान्स्फरचं बटण दाबलं नाही, ही त्या पॅनलची सगळ्यात जुनी तक्रार. कोर्सही मोड कंट्रोल पॅनलवर दोन्ही बाजूंना वेगळा लावावा लागतो.

## २. आयडेंट कानाने ऐका

आयएलएस आणि व्हीओआरचा मोर्स आयडेंट १०२० हर्ट्झच्या टोनवर येतो, डीएमईचा १३५० हर्ट्झवर. डीएमईचा टोन चढा असतो आणि साधारण ४० सेकंदांत एकदाच वाजतो. त्यामुळे दहा सेकंद ऐकून ‘डीएमईला आयडेंट नाही’ असं ठरवू नका.

काहीच ऐकू येत नसेल तर आधी ऑडिओ पॅनलवरचा फिल्टर बघा. बोइंगच्या पॅनलवर व्हॉइस, बोथ आणि रेंज अशा तीन जागा असतात. एअरबसच्या पॅनलवर व्हॉइस नावाची की असते. फिल्टर व्हॉइसवर असेल तर तो नेमका आयडेंटचाच टोन छाटून टाकतो, कारण बोलणं स्पष्ट ऐकू यावं हेच त्याचं काम. ‘रिसीव्हरमध्ये आवाज नाही’ या नोंदींपैकी बऱ्याच या एका स्विचवर मिटतात.

स्क्रीनवर अक्षरं दिसतात, मग कानाने कशाला ऐकायचं? अनेक विमानांत ती अक्षरं रिसीव्हर मोर्स उलगडून देतो. सिग्नल क्षीण असेल तर एखादा डॉट गाळला जातो आणि अक्षर बदलतं. अक्षरं चुकली पण कानाला आयडेंट स्वच्छ ऐकू आला, तर ट्यूनिंग बरोबर आहे. उलट मोर्समध्ये टीएसटी ऐकू आलं, म्हणजे डॅश, मग तीन डॉट, मग डॅश, तर स्टेशन चाचणीवर आहे. सुया कितीही शांत दिसल्या तरी ते वापरायचं नाही. आयडेंट मुळातच नसेल तरी नियम तोच.

इथे एक इशारा. फ्लॅग नसणं आणि आयडेंट असणं एवढ्याने ग्लाइडस्लोप खरा ठरत नाही. जुलै २००० मध्ये सामोआतल्या आपिया इथे एअर न्यूझीलंडच्या बोइंग ७६७ ला सुई अगदी मधोमध दिसत होती, फ्लॅग नव्हता, आणि विमान रनवेच्या खूप अलीकडे जमिनीकडे चाललं होतं. जमिनीवरच्या ग्लाइडस्लोप ट्रान्समीटरची देखरेख बायपासवर राहिली होती. वैमानिकांनी वेळीच गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. म्हणून ३ अंशाच्या अप्रोचवर दर नॉटिकल मैलाला साधारण ३२० फूट हा हिशोब डीएमईशी ताडून बघायचा. हे ट्यूनिंगच्या तपासणीचंच शेवटचं पाऊल आहे, वेगळं काही नाही.

## ३. फ्रिक्वेन्सीच्या शेजारचं अक्षर वाचा

वेळ कमी असेल तर निदान ही तपासणी करा.

बोइंग ७४७-४०० आणि ७७७ च्या नॅव्ह रेडिओ पानावर व्हीओआरच्या फ्रिक्वेन्सीजवळ एक छोटं अक्षर असतं. ए असेल तर एफएमसीने ते स्टेशन स्वतःच्या पोझिशनसाठी निवडलंय. आर असेल तर मार्गासाठी, पी असेल तर प्रोसिजरसाठी. एम म्हणजे कोणीतरी हाताने टाइप केलंय, आणि ते जोवर पुसत नाही तोवर एफएमसी तिकडे फिरकणार नाही. आयएलएसच्या ओळीत पार्क असं दिसत असेल तर रिसीव्हर सध्या कुठेच लावलेला नाही. लांबच्या क्रूझमध्ये हे बरोबर आहे, बिघाड नाही.

ए३२० मध्ये अक्षराऐवजी टाइपाचा आकार बोलतो. रेडिओ नॅव्ह पानावर लहान टाइप म्हणजे ऑटो, मोठा टाइप म्हणजे हाताने. नॅव्हिगेशन डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यात हाताने लावलेल्या स्टेशनजवळ अधोरेखित एम दिसतो, आणि बॅकअप पॅनलवरून लावलं असेल तर आर. हा आर आणि बोइंगचा आर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोन्ही ताफ्यांवर काम करणाऱ्यांनी हे वेगळं लक्षात ठेवावं.

‘व्हीओआर सारखं बदलतं’ या तक्रारीचं उत्तरही इथेच मिळतं. ऑटोमध्ये एफएमएस तुम्हाला बघायला नाही, तिला मोजायला सोयीची स्टेशनं निवडते. दोन डीएमईंच्या अंतरांवरून पोझिशन काढायची तर त्या दोन रेषा ३० ते १५० अंशांच्या कोनात छेदायला हव्यात. कोन त्याबाहेर गेला की ती जोडी सोडते आणि दुसरी शोधते. तुम्हाला एखादं व्हीओआर ठाम हवं असेल तर ते हाताने लावा, आणि काम झालं की पुसून ऑटोला परत द्या. बोइंगवर डिलीट, एअरबसवर क्लिअर. परत द्यायचं राहून जातं, आणि दोन तासांनी अप्रोचला ‘ऑटो-ट्यून चालत नाही’ अशी नोंद होते.

ए३२० चं रेडिओ नॅव्ह पान कोरं दिसलं तर सीडीयूला हात लावण्याआधी रेडिओ मॅनेजमेंट पॅनल बघा. तिथली पारदर्शक झाकणाखालची नॅव्ह की दाबली गेली असेल तर तिच्यात हिरवा दिवा लागलेला असतो आणि एफएमएसचं ट्यूनिंग बंद पडलेलं असतं. साफसफाईत, कप ठेवताना, कशानेही ती दाबली जाऊ शकते. पुन्हा दाबून बंद केली की पान परत येतं.

रनवे ऐनवेळी बदलला आणि जुनं आयएलएस सुटत नाही, तेव्हा लोकलायझर किंवा ग्लाइडस्लोप कॅप्चर झालाय का, म्हणजे ऑटोपायलटने तो पकडलाय का, बघा. आधुनिक बोइंगमध्ये ऑटोपायलट लागलेला असताना कॅप्चर झाला की आयएलएस ट्यूनिंगला कुलूप लागतं, कारण जमिनीजवळ ऑटोपायलटच्या पायाखालची फ्रिक्वेन्सी सरकली तर ते जिवावर बेतेल. हे कुलूप मुद्दाम बसवलेलं आहे. अप्रोच मोड आपल्या प्रोसिजरप्रमाणे सोडा, मग ट्यून करा. ए३२० वर हाताने लावलेलं आयएलएस आणि फ्लाइट प्लॅनमधला रनवे जुळत नसतील तर सीडीयूवर तसा संदेश येतो. तो न वाचता पुसू नका.

## ४. आकडा

व्हीओआर आणि लोकलायझर १०८.०० ते ११७.९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ५० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेले आहेत. त्यातले लोकलायझर फक्त १०८.१० ते १११.९५ मध्ये, आणि दशांशाचा पहिला आकडा विषम असेल तिथेच: ११०.१०, ११०.१५, ११०.३०, ११०.३५ असे. म्हणून आयएलएसच्या ओळीत ११०.२० टाकलं तर सीडीयू नाकारणारच, ते व्हीओआरचं घर आहे. असे ४० आयएलएस चॅनल आहेत, उरलेले १६० व्हीओआरचे.

ग्लाइडस्लोपची फ्रिक्वेन्सी वेगळी टाकावी लागत नाही. ती ठरलेल्या कोष्टकाने लोकलायझरशी बांधलेली आहे: १०८.१० ला ३३४.७०, ११०.३० ला ३३५.००. त्यामुळे लोकलायझर आला आणि ग्लाइडस्लोप आला नाही तर ट्यूनिंगला दोष देऊ नका. कारण ग्लाइडस्लोपच्या अँटेना-केबलच्या मार्गात शोधा, किंवा त्या रनवेला ग्लाइडस्लोप आहे तरी का ते बघा.

डीएमईही असाच जोडीने लागतो. ११०.३० म्हणजे डीएमईचा ४० एक्स चॅनल: विमान १०६४ मेगाहर्ट्झवर विचारतं, स्टेशन १००१ वर उत्तर देतं. चुकून ११०.३५ लावलं तर तो ४० वाय होतो. विचारणा त्याच १०६४ वर जाते, पण दोन पल्समधलं अंतर १२ ऐवजी ३६ मायक्रोसेकंद होतं आणि उत्तर ११२७ वर अपेक्षित असतं. स्टेशन अशा विचारणेला ओळखतच नाही. पाच-शतांशाच्या या एका चुकीने डीएमई मुका होतो, आणि नोंद मात्र ‘डीएमई नादुरुस्त’ अशी होते.

एनडीबीच्या बाबतीत आकडा बरोबर असूनही स्टेशन चुकीचं असू शकतं, कारण तीच फ्रिक्वेन्सी आणि तोच आयडेंट जगात अनेक ठिकाणी आहे. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७ डोंगरावर आदळलं. त्याआधी क्रूने एफएमएसमध्ये नुसतं आर टाकलं होतं. हवा होता रोझो, यंत्राने घेतला बोगोटाजवळचा रोमिओ. एकाच नावाची यादी उघडली की पहिली ओळ डोळे मिटून न निवडता अक्षांश-रेखांश बघा.

## ५. डेटाबेस, रनवे, नोटॅम

एफएमएस फ्रिक्वेन्सी हवेतून शोधत नाही. ती डेटाबेसमधून उचलते. एअरॅक, म्हणजे हवाई माहितीतले बदल लागू करण्याचं ठरलेलं चक्र, २८ दिवसांचं असतं आणि बदल गुरुवारी लागू होतो. त्या गुरुवारी नवा डेटाबेस लोड असूनही सक्रिय केला नसेल तर बदललेली फ्रिक्वेन्सी किंवा बंद झालेलं व्हीओआर जुन्यासारखंच लावलं जाईल. बोइंगवर आयडेंट पान, एअरबसवर एअरक्राफ्ट स्टेटस पान उघडून तारखा बघा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मग अप्रोच खरंच आयएलएस निवडलाय का, की त्याच रनवेचा आरएनपी, म्हणजे आयएलएसशिवायचा, उपग्रहांवर चालणारा अप्रोच? स्टेशनवर बंदी तर घातलेली नाही ना? बोइंगच्या रेफरन्स नॅव्ह डेटा पानावर आणि एअरबसच्या सिलेक्टेड नॅव्हएड्स पानावर अशी वगळलेली स्टेशनं दिसतात. नोटॅममुळे, म्हणजे वैमानिकांना दिलेल्या तात्पुरत्या सूचनेमुळे, मागच्या क्रूने वगळलेलं स्टेशन लांबच्या टर्न-अराउंडमध्ये तसंच राहिल्याची शंका आली की हेच पान उघडायचं.

एक सापळा डेटाबेस अचूक असतानाही असतो. एकाच रनवेच्या दोन टोकांच्या आयएलएसना पुष्कळ विमानतळांवर एकच फ्रिक्वेन्सी दिलेली असते. आयडेंट वेगळे, आणि एका वेळी एकच टोक चालू. टॉवरने टोक बदललं नसेल तर फ्रिक्वेन्सी अचूक लागते, सुया हलतात, आणि आयडेंट उलट टोकाचा येतो. विमानात काहीही बिघडलेलं नसतं. टॉवरला विचारा.

## ६. स्टेशन पोचतंय का?

या पट्ट्यातले तरंग जवळपास सरळ रेषेत जातात. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की नॉटिकल मैलांत अंदाजे क्षितिज मिळतं. ३५,००० फुटांवर ते सुमारे २३० मैल येतं. इतक्या वरून एकाच फ्रिक्वेन्सीची दोन व्हीओआर एकत्र ऐकू येऊ शकतात, मग काटा डुलतो आणि मोर्स गुंततो. गेटवर, हँगरच्या आडोशाला उभं असताना व्हीओआर न येणं तर अगदीच स्वाभाविक आहे. त्यावरून रिसीव्हरचा न्याय करू नका.

डीएमई तिरकं अंतर मोजतो. ३६,००० फुटांवरून स्टेशनच्या बरोबर डोक्यावर असताना तो जवळपास ६ मैल दाखवणार, आणि शून्य कधीच नाही. याचीही नोंद टेकलॉगमध्ये होते.

एडीएफबद्दल थोडक्यात: रात्री, किनाऱ्याजवळ आणि गडगडाटी ढगांच्या शेजारी काटा भरकटणं हा त्या तंत्राचाच स्वभाव आहे. एडीएफला अपयशाचा फ्लॅगही बहुतेक वेळा येत नाही, म्हणून वापर संपेपर्यंत आयडेंट मंद आवाजात चालू ठेवायचा. टोनच येत नसेल तर बीएफओ (एडीएफमध्ये ऐकू येणारा टोन तयार करणारी सोय) लावून बघा. काही एनडीबी नुसती वाहक लहर तोडून मोर्स पाठवतात आणि ती बीएफओशिवाय ऐकू येत नाही.

## ७. एफएमएसला स्वतःचा पत्ता माहीत आहे का?

ऑटो-ट्यूनिंग एफएमएसच्या पोझिशनवर चालतं. पोझिशन चुकली तर निवडही चुकते. जीपीएस जॅमिंग (सिग्नल दाबून टाकणं) आणि स्पूफिंगच्या (खोटा सिग्नल पाठवणं) भागांत हे आता नेहमीचं झालं आहे. खोट्या जीपीएसने एफएमएसला शेकडो मैल बाजूला नेलं की ती तिथल्या आसपासची स्टेशनं लावते, उत्तर एकाचंही येत नाही, आणि दोन्ही बाजूंना डीएमईचे डॅश दिसतात. दोन्ही बाजूंचे रेडिओ एकदम गेले असं वाटतं, पण गेलेली असते पोझिशन.

ओळखायची युक्ती अशी. चार्टवरून जवळचं एखादं दणकट व्हीओआर-डीएमई हाताने लावा. आयडेंट आला, अंतर आलं आणि ते नकाशावरच्या अंतराशी जुळत नाही, तर रेडिओ खरा आणि नकाशा खोटा. मग आपल्या ऑपरेटरच्या प्रोसिजरप्रमाणे जीपीएस अपडेट बंद करणं आणि कच्च्या रेडिओ डेटावर उडणं. रेडियलमध्ये एक-दोन अंशांचा फरक मात्र सोडून द्या. व्हीओआर बसवताना त्याला दिलेलं चुंबकीय विचलन आणि आजचं प्रत्यक्ष विचलन यांत एवढी तफावत पडतेच.

वैमानिकांनी इथे थांबायचं. अप्रोच चालू असताना वरचं सगळं करायचं नाही. आकडा, अक्षर, आयडेंट एवढं एकदा तपासा, दुसऱ्या रिसीव्हरशी ताडा. जमलं नाही तर गो-अराउंड किंवा दुसरा अप्रोच. दोघांची डोकी एकाच वेळी सीडीयूत जाता कामा नयेत. सर्किट ब्रेकर ओढून रेडिओ ‘जागा’ करायचा प्रयोग हवेत करू नका. चेकलिस्ट सांगत असेल तरच.

## ८. जमिनीवर: दोन्ही बाजू समोरासमोर

दोन्ही बाजूंना एकच फ्रिक्वेन्सी हाताने लावा. मॅन्युअलने लागतं आणि ऑटोने नाही, तर रिसीव्हर, केबल आणि अँटेना निर्दोष आहेत. दोष एफएमएस, डेटाबेस किंवा तिकडून येणाऱ्या हुकमाच्या तारेत. मॅन्युअलनेही एकाच बाजूला लागत नसेल तर त्या बाजूचा रिसीव्हर आणि त्याचा मार्ग. दोन्ही बाजूंना क्षीण असेल तर दोघांत सामाईक असलेली गोष्ट: शेपटीवरची व्हीओआर अँटेना, स्प्लिटर, किंवा नाकातल्या रेडोममध्ये शिरलेलं पाणी. या एका चाचणीने निम्मं काम संपतं, आणि तिला सुटा भाग एकही लागत नाही.

मग मेंटेनन्स कॉम्प्युटरमधला दोषांचा इतिहास बघा. चालू दोष नसला तरी मागच्या काही फ्लाइट्सच्या नोंदी बघा. ‘ट्यूनिंग इनपुट नाही’ अशा अर्थाची नोंद आणि ‘रिसीव्हरमध्ये बिघाड’ ही नोंद तुम्हाला दोन वेगळ्या दिशांना नेतात.

## ९. बॉक्सची अदलाबदल

मॅन्युअल परवानगी देत असेल तर एक आणि दोन नंबरचे रिसीव्हर एकमेकांच्या जागी लावा. दोष बॉक्सबरोबर गेला तर बॉक्स, जागेवरच राहिला तर वायरिंग, ट्रे किंवा अँटेना. आधी पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती ताडा. बॉक्स काढलाच आहे तर मागच्या कनेक्टरची दबलेली पिन, ट्रेची सैल पकड आणि कूलिंगची हवा बघूनच परत बसवा. बॉक्स ‘काढून बसवल्यावर चालू झाला’ याला दुरुस्ती समजू नका. ते सैल जोडणीचं लक्षण आहे आणि थंडीत, कंपनात तीच तक्रार परत येईल.

## १०. इथून पुढे एव्हिऑनिक्सचा माणूस

पुढची कामं परवानाधारक एव्हिऑनिक्स इंजिनिअरने, योग्य उपकरणांनीच करायची. बाकीच्यांना काय होतंय ते कळावं म्हणून सांगतो.

ट्यूनिंगची बस. हुकूम एरिंक ४२९ च्या, म्हणजे विमानातल्या उपकरणांमधल्या डेटा-जोडणीच्या मानकाच्या, मंदगती तारेवरून येतो. ऑक्टल लेबल ०३४ व्हीओआरची फ्रिक्वेन्सी, ०३३ आयएलएसची, ०३५ डीएमईची, ०३२ एडीएफची. बस अ‍ॅनलायझर लावून रिसीव्हरच्या तोंडाशी आलेला आकडा आणि रिसीव्हरने परत पाठवलेला आकडा ताडायचा. आलाच नाही तर तार किंवा पाठवणारा. आला पण परत वेगळा गेला तर रिसीव्हर. रिसीव्हरला सहसा दोन ट्यूनिंग पोर्ट असतात आणि कोणतं ऐकायचं ते एक डिस्क्रीट, म्हणजे नुसता चालू-बंद असा, सिग्नल ठरवतो. ती एक तार तुटली तर रिसीव्हर भलत्याच पोर्टकडे कान लावून बसतो, आणि बाकी सगळं तपासून निर्दोष निघतं. दुर्मिळ आहे, पण तीन बॉक्स बदलूनही दोष जात नसेल तर आधी तिथेच बघावं.

सप्रेशनची तार. डीएमई, ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा) आणि टीकॅस (टक्कर टाळायचा इशारा देणारी यंत्रणा) एकाच एल-बँडमध्ये, म्हणजे एकाच रेडिओ पट्ट्यात, बोलतात. एक बोलताना बाकीच्यांनी कान झाकावेत म्हणून त्यांच्यामध्ये सप्रेशनची सामाईक कोअ‍ॅक्स असते. ती अर्थ झाली किंवा तुटली तर डीएमई लागतो-सुटतो, आणि गर्दीच्या हवाई क्षेत्रात जास्तच. ट्रान्सपाँडर आणि टीकॅस स्टँडबायवर नेल्यावर डीएमई स्थिर झाला तर संशय जवळजवळ पक्का. ही चाचणी जमिनीवरच, हवेत नाही.

अँटेना आणि स्थिर वीज. तक्रार फक्त ढगात किंवा बर्फकणांत येत असेल, आणि एडीएफ-व्हीएचएफवर खरखर असेल, तर पंख-शेपटीवरचे स्टॅटिक डिस्चार्जर मोजा. तुटलेले, हरवलेले बदला. मग अँटेनाच्या बुडाचं बाँडिंग, कोअ‍ॅक्सच्या टोकाचा गंज, घासलेलं आवरण. १०८ च्या अगदी खालीच एफएम प्रसारणाचा पट्टा संपतो, त्यामुळे मोठ्या एफएम मनोऱ्याजवळ, पट्ट्याच्या खालच्या टोकाच्या फ्रिक्वेन्सीवर आयडेंटमध्ये गाणी ऐकू येत असतील तर रिसीव्हर एफएम-प्रतिरोधक आहे का ते कागदावर बघा. ती अट जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

रॅम्प टेस्ट. टेस्ट सेटवरून लोकलायझरला ०.१५५ डीडीएम (आयएलएसच्या दोन टोनच्या मॉड्युलेशनमधला फरक) दिला की सुई पूर्ण कडेला, म्हणजे दुसऱ्या डॉटवर, जायला हवी. ग्लाइडस्लोपला त्यासाठी ०.१७५. विमानतळाच्या स्वतःच्या आयएलएस फ्रिक्वेन्सीवर टेस्ट सेट कधीही प्रसारित करू नका. अप्रोचवर असलेल्या दुसऱ्या विमानाच्या सुया हलू शकतात.

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः प्रयोग करत बसू नका, थेट मेंटेनन्स कंट्रोलला कळवा: दोन्ही आयएलएसमध्ये फरक पण फ्लॅग नाही, आयडेंट बरोबर असून डीएमई-उंचीचा हिशोब जुळत नाही, विजेचा झटका बसल्यानंतरची कोणतीही नॅव्हिगेशन तक्रार, तोच दोष बॉक्स बदलूनही परत. यातली दुसरी गोष्ट एटीसीलाही लगेच सांगा, कारण मागून येणारं विमान त्याच ग्लाइडस्लोपवर आहे. आयएलएस रिसीव्हर बदलला किंवा त्याची अँटेना उघडली असेल, तर मॅन्युअलमधल्या चाचण्या पूर्ण होऊन सही होईपर्यंत ऑटोलँडचा दर्जा खाली ठेवा आणि तसा प्लॅकार्ड लावा.